गावात राहून हौशी बाई-डिटेक्टिव्हच्या रहस्यकादंबऱ्या कशा वाचाव्यात: पहिल्या पुस्तकापासून गटवाचनापर्यंत

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहते. वावरात पऱ्हाटी आणि तूर, अंगणात दोन म्हशी आणि कपाटात आता बावीस रहस्यकादंबऱ्या. पहिलीला हात घातला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. चाळीस पानं व्हायची, कोण कुणाचा कोण हे हरवायचं आणि पुस्तक बाजूला पडायचं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा वही घेऊन बसले, तेव्हा कुठं ते पुरं झालं. त्या तीन खेपांत माझं जे चुकलं ते तुमचं चुकू नये, म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी या कथांचा वाण ओळखा

वडिलांच्या पेटीतल्या बाबूराव अर्नाळकरांच्या कथा वाचत मी मोठी झाले. त्यांचे धनंजय, झुंजार, काळापहाड आजही आठवतात. पण माझ्या हाती आलेल्या त्या पुस्तकांत शोध लावायचा पुरुषानं, तोही शहरात, बहुतेकदा पिस्तूल खिशात ठेवून. मी आता ज्या कादंबऱ्यांबद्दल बोलते आहे, त्यांचा वाण वेगळा आहे. इंग्रजीत त्यांना 'कोझी मिस्टरी' म्हणतात. आमच्या गटात आम्ही 'ओसरीवरच्या कथा' म्हणतो, कारण ओसरीवर लेकरंबाळं खेळत असताना त्या मोठ्यानं वाचता येतात. खून होतो, पण बहुतेकदा आपल्या डोळ्यांआड. रक्तामांसाची वर्णनं नसतात, अंगावर येणारे प्रसंग नसतात. जागा लहान असते: एखादं खेडं, एखादा वाडा, एखादं सुटीतलं हॉटेल. संशयित मोजके असतात आणि सगळे एकमेकांना ओळखतात. शोध घेणारी बाई पोलीस खात्यातली नसते. कोणी म्हातारी, कोणी शिक्षिका, कोणी डॉक्टरची बायको, कोणी बेकरीवाली.

या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव अगाथा ख्रिस्तीबाईंच्या मिस मार्पलचं. सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक इंग्रजी खेड्यात राहणारी, लग्न न केलेली, विणकाम करणारी म्हातारी. ती पहिल्यांदा आली १९२७ मधल्या एका लघुकथेत आणि तिची पहिली कादंबरी १९३० ची. पुढे एकूण १२ कादंबऱ्या आणि २० लघुकथा झाल्या. ख्रिस्तीबाईंनी आत्मचरित्रात लिहिलं आहे, की ही म्हातारी त्यांना आजीच्या मैत्रिणींवरून सुचली. आणि सगळ्यांबद्दल वाईटच धरून चालायचं, नि ते बहुतेक वेळा खरं निघायचं, ही सवय तर थेट आजीची.

मार्पलबाईंची शोधायची रीत नीट समजून घ्या, कारण तिथंच आपला फायदा आहे. त्या भिंग घेऊन पावलांचे ठसे मोजत बसत नाहीत. नवा माणूस दिसला की त्यांना आपल्या गावातलं कोणीतरी आठवतं. हा गोड बोलणारा साहेब, याला पाहिलं की मला त्या मासळीवाल्याचा पोरगा आठवतो, असं काहीसं. मग तो पोरगा कसा वागला होता ते आठवून त्या साहेबाकडे बघतात.

तुम्ही गावात राहता ना? मग या पुस्तकांपुरत्या तुम्ही पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या चार पावलं पुढे आहात. दिवा कोणाकडे उशिरापर्यंत जळला, कोणाची सून माहेराहून चार दिवस आधी परतली, दुकानातली वर्षभराची उधारी कोणी एकाएकी चुकती केली, हे तुमच्या डोळ्यांना न शोधता दिसतं. फ्लॅटमधल्या माणसाला ते मुद्दाम कल्पून घ्यावं लागतं. आजवर या नजरेला 'चोंबडेपणा' म्हटलं गेलं असेल. या पुस्तकांत तिच्यावर अख्खी कथा उभी असते.

२. जवळ काय काय हवं

सामान थोडंच लागतं:

- १०० पानी वही, शक्यतो चौकटींची. साध्या वहीत तक्ते वाकडे होतात.
- दोन रंगांच्या पेन्सिली. कशासाठी ते पुढे सांगते.
- नेटशिवाय चालणारा इंग्रजी-मराठी शब्दकोश मोबाइलमध्ये. आमच्याकडे पावसाळ्यात टॉवर दोन-दोन दिवस बंद असतो.
- चार्जिंगचा दिवा.
- वाचनालयाच्या सभासदत्वासाठी आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, अर्ज आणि अनामत. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही मागतात, तेव्हा गावातल्या मास्तरांना किंवा ग्रामसेवकांना आधीच विचारून ठेवा.

आणि वेळ. कापूस वेचणीच्या दिवसांत नवीन पुस्तक सुरू करू नका. रोज चार पानं वाचून रहस्यकथा होत नाही, मागचं विसरतं. मे महिन्यातली दुपार आणि आषाढ-श्रावणातली झड हे आपले दोन हंगाम. रोज १५-२० पानं झाली, तर सव्वादोनशे पानांचं पुस्तक पंधरवड्यात हातावेगळं होतं.

३. पहिलं पुस्तक निवडताना

इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून सावकाश सांगते.

सुरुवात कादंबरीनं करू नका, लघुकथांनी करा. 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' हा मार्पलबाईंच्या तेरा कथांचा संग्रह १९३२ चा. त्यातल्या पहिल्या कथेत मार्पलबाईंच्याच घरी संध्याकाळी माणसं जमली आहेत: लेखक असलेला पुतण्या-भाचा, चित्रं काढणारी मुलगी, वकील, धर्मगुरू आणि स्कॉटलंड यार्ड म्हणजे लंडनच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेले मोठे साहेब. दर मंगळवारी एकानं आपल्याला ठाऊक असलेलं कोडं सांगायचं, बाकीच्यांनी सोडवायचं, असं ठरतं. म्हातारीला कोणी मोजत नाही आणि उत्तर तीच देते. एक कथा एका बैठकीत संपते. पाच कथा झाल्या की लेखिका कशी फसवते याचा अंदाज येऊ लागतो.

मग 'अ मर्डर इज अनाउन्स्ड', १९५० चं. गावच्या पेपरात जाहिरात येते की शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अमक्या घरी खून होणार आहे, ओळखीपाळखीच्यांनी यावं. लोकांना वाटतं खेळ असेल, म्हणून सगळे जातात. ही कादंबरी आपल्याला लागते याचं कारण वेगळं आहे. तेव्हा दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती, पण रेशनिंग सुरूच होतं, ते १९५४ पर्यंत चाललं. माणसं कूपनं सांभाळतात, लोणी-कोळसा मोजून वापरतात. आणि गावात नवी माणसं येऊन राहिली आहेत, ज्यांचं मूळ गाव, आईबाप कोणालाच ठाऊक नाहीत. पूर्वी कोण कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असायचं, आता माणूस स्वतःबद्दल सांगेल तेच खरं धरावं लागतं, असं मार्पलबाई त्यात बोलून दाखवतात. समृद्धी महामार्गाच्या आसपास ज्यांच्या गावात भाड्यानं राहणारी नवी माणसं आली, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज', म्हणजे १९३० ची ती पहिली कादंबरी. मी ते सगळ्यात आधी उघडलं होतं आणि तीच माझी चूक. पात्रं खूप आणि पहिल्याच प्रकरणात बरीचशी येऊन आदळतात. शिवाय त्यातली मार्पल अजून सगळ्यांची लाडकी झालेली नाही. शेजारच्या बागेत काम करता करता कोण आलं कोण गेलं टिपणारी, लोकांना थोडी धाक वाटणारी बाई आहे ती. दोन पुस्तकं वाचून गेलात तर ती रूपं जोडून बघायला मजा येते.

ज्यांना खून नकोच, त्यांनी बोत्सवानाला जावं. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची 'द नंबर १ लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' १९९८ ची. प्रेशस रामोत्स्वे नावाची बाई वडिलांनी मागे ठेवलेली गुरं विकते आणि त्या पैशांतून डिटेक्टिव्हचं ऑफिस काढते. तिनं याचं शिक्षण घेतलेलं नाही, तिच्याजवळ आहे ती माणसांची पारख. हरवलेला नवरा, खोटा बाप, चोरीची गाडी अशी कामं येतात. त्या देशाच्या नाण्याचं नाव आहे 'पुला' आणि पुला म्हणजे पाऊस. पैशाला पाऊस म्हणणाऱ्या माणसांची गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात वाचून पाहा. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ गप्प होत्या.

भारतातली हवी असतील तर दोन नावं. हरिणी नगेंद्र यांची 'द बंगलोर डिटेक्टिव्हज क्लब' २०२२ ची. काळ १९२१, कावेरी ही डॉक्टरची तरुण बायको, गणिताची आवड असलेली. दुसरी सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री, तीही १९२१ च्या मुंबईतली. परवीन वकील आहे, त्यामुळे अगदी हौशी नाही म्हणता येणार. पण पडद्यात राहणाऱ्या तीन विधवांच्या घरात पुरुष अधिकाऱ्याला शिरता येत नाही आणि तिला येतं, यावर सगळी कथा उभी आहे. हे पात्र सुचलं कॉर्नेलिया सोराबजी यांच्यावरून. त्या १८६६ साली नाशिकला जन्मल्या आणि ऑक्सफर्डात कायदा शिकलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. मॅसीबाईंची ही कादंबरी कधी इंग्रजीला सरावल्यावर घ्या, ती जाड आहे.

४. पुस्तक मिळवायचं कुठून

आधी गावातलं किंवा तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय. कपाटावर 'रहस्य' लिहिलेलं असेल तिथंच थांबू नका, 'अनुवादित' कपाटही बघा. ख्रिस्तीबाईंचे मराठी अनुवाद बऱ्याचदा तिकडे असतात. अनुवादाचं मराठी नाव वेगळंच असतं, म्हणून आतल्या पानावर मूळ इंग्रजी नाव वाचून घ्या. नागपूरला जाणं झालंच, तर सीताबर्डीवर जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे एक चक्कर मारा.

तिथंच सांभाळायच्या गोष्टीही आहेत.

पुस्तक घेताना पहिलं पान नंतर बघा, आधी शेवटची वीस पानं मोजा. मी एका वाचनालयातून आणलेल्या कादंबरीची शेवटची अकरा पानं नव्हती. बारा दिवस वाचून खुनी कोण हे कळायला मला पुढचे आठ महिने लागले. मोजताना वाचू मात्र नका, फक्त पानांचे आकडे बघा. आणि समासात पेन्सिलनं कोणी नाव लिहून ठेवलंय का हेही दुसऱ्या कोणाला बघायला सांगा. पात्रांच्या यादीत एका नावापुढे फुली मारायची वाईट खोड काही वाचकांना असते.

एकच पुस्तक दोन नावांनी विकलं जातं. ब्रिटनमधलं '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' अमेरिकेत 'व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!' झालं. 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' तिकडे 'द ट्यूसडे क्लब मर्डर्स' आहे. पैसे देण्याआधी पहिलं प्रकरण चाळून बघा.

मोबाइलवर फुकट पीडीएफ पाठवणारे खूप भेटतील. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकाचे हक्क, म्हणजे कॉपीराइट, राहतात. ख्रिस्तीबाई १९७६ साली गेल्या, म्हणजे त्यांची पुस्तकं आपल्याकडे २०३६ संपेपर्यंत हक्कात आहेत. रीतसर फुकट हवं असेल तर हक्क संपलेली पुस्तकं फुकट देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर अ‍ॅना कॅथरीन ग्रीन यांची पुस्तकं आहेत. त्या १९३५ साली वारल्या. त्यांची 'दॅट अफेअर नेक्स्ट डोअर' १८९७ ची, म्हणजे मार्पलच्या तीस वर्षं आधीची. अमेलिया बटरवर्थ नावाची बाई मध्यरात्री खिडकीतून शेजारच्या बंद घरात कोणी शिरताना बघते, तिथून कथा सुटते. बिनचित्रांची फाइल बहुतेक एक एमबीच्याही आत असते, तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्यायची. पण फुकट आहे म्हणून पहिलंच हे घेऊ नका. तिची वाक्यं लांब आणि जुन्या वळणाची आहेत, नवख्या माणसाचा दम निघतो. दहा पुस्तकांनंतर घ्या, तेव्हा ती म्हातारी फार आवडेल.

मालिका आणि सिनेमे पुस्तकानंतर. काही मालिकांत तर मार्पलबाई मूळ कथेत नसतानाही घातल्या आहेत. पुस्तकाचं नाव इंटरनेटवर शोधायचंही टाळा, खाली आपोआप येणाऱ्या सूचनांतच खुन्याचं नाव असतं.

५. नात्यांचा तक्ता: हे टाळलंत तर पुस्तक हातचं गेलं

वही उघडा. मधोमध मेलेल्या माणसाचं नाव लिहा. आता प्रत्येक पात्र आलं की त्याचं नाव, वय, धंदा आणि मेलेल्याशी नातं लिहीत जा.

सोपं वाटतं, पण इंग्रजी इथं आपल्याला फसवते. 'सिस्टर-इन-लॉ' आलं की मी नणंद धरून चालले होते. शंभर पानांनंतर कळलं की ती जाऊ आहे. भावजय आणि साळीसुद्धा त्याच शब्दात बसतात. 'कझिन' म्हणजे चुलत, मामे, आते, मावस, भाऊही आणि बहीणही. 'अंकल' म्हणजे मोठेबाबा, काका, मामा, मावसा. 'नेफ्यू' पुतण्या की भाचा, काही कळत नाही. इंग्रज वाचकाला त्याचं काही वाटत नाही, पण आपल्या डोक्यात प्रत्येक नात्याबरोबर हक्क, मान, रुसवे सगळं येतं. म्हणून चुकीचं नातं धरलं की आपण चुकीच्या माणसावर संशय घेत बसतो. नातं नक्की होईपर्यंत मराठी शब्द लिहू नका. इंग्रजी शब्द तसाच लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाका आणि खात्री झाल्यावर खोडून दुरुस्त करा.

नावांचंही तसंच. एकाच बाईला एक जण आडनावानं हाक मारतो, दुसरा पाळण्यातल्या नावानं, तिसरा लाडक्या नावानं. आपल्याकडे सुनेचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि 'अमक्याची माय' अशी तीन नावं चालतातच, तेव्हा हे अवघड जाऊ नये. सगळी नावं एका चौकटीत लिहा. 'मिस' आहे की 'मिसेस' हे जपून टिपा, त्यातही बऱ्याचदा काहीतरी दडलेलं असतं.

आता मालमत्ता. आपल्या गावचं भांडण धुऱ्याचं, वाटणीचं, फेरफारात नाव चढलं की नाही याचं असतं. हिंदू कायद्यात वडिलोपार्जित शेतावर मुलाचा आणि २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचाही जन्मापासून हक्क आहे, म्हणून म्हाताऱ्यानं रागावून सगळं शेजाऱ्याला देऊन टाकलं असं सहसा होत नाही. इंग्लंडातल्या या कथांत मात्र श्रीमंत आत्या आपलं घरदार मृत्युपत्रानं जवळजवळ हव्या त्या माणसाला देऊ शकते, अगदी सोबतीला ठेवलेल्या पगारी बाईलाही. ती मृत्युपत्र बदलणार असं नुसतं बोलली, तरी सगळ्या घराची झोप उडते. हे माहीत नसताना मी वाचत होते तेव्हा कळायचंच नाही, की भाचा एवढा घाबरला कशाला, त्याचा वाटा कुठं जातोय?

म्हणून तक्त्याच्या खाली तीन ओळी आखून ठेवा. पैसा आत्ता कोणाचा आहे. ती व्यक्ती गेली तर कोणाकडे जाईल. तोही गेला तर कोणाकडे. तलाठ्याकडच्या वारस नोंदीसाठी वंशावळ जुळवली असेल, तर हा तक्ता तुम्ही हसत काढाल.

६. चकवणारे शब्द

हे एकदा वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या, पुन्हा पुन्हा लागतात.

- फ्रेंच विंडो: खिडकी नव्हे, बागेत उघडणारं काचेचं दार. 'साहेब फ्रेंच विंडोतून आत आले' वाचून मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला होता.
- ड्रॉइंग रूम: पाहुण्यांची बैठक. स्टडी: घरधन्याची लिहायची खोली.
- लायब्ररी: वाड्यातली पुस्तकांची खोली. गावचं वाचनालय धरलं तर सगळा घोळ होतो.
- टी: दुपारी चार-पाचचा चहा, सोबत पाव, केक, जॅम. साक्षीदार वेळ सांगताना 'टीनंतर' म्हणतात.
- व्हिकर: गावच्या चर्चचा धर्मगुरू. त्याला बायको-मुलं असू शकतात. चर्चनं दिलेलं त्याचं घर म्हणजे व्हिकरेज.
- केमिस्ट: औषधवाला.
- इन्क्वेस्ट: मरण कशानं आलं याची लोकांसमोर होणारी चौकशी. आपल्याकडची मर्ग चौकशी पोलीस करतात, तिकडे त्यासाठी कॉरोनर हा वेगळा अधिकारी असतो.
- फर्स्ट फ्लोअर: इंग्रजी पुस्तकात वरचा मजला, अमेरिकन पुस्तकात तळमजला.

जुन्या पैशाचा हिशेब: २० शिलिंगांचा एक पौंड, १२ पेन्सांचा एक शिलिंग. फेब्रुवारी १९७१ पर्यंत तो चालला. सोळा आण्यांच्या रुपयात वाढलेली माणसं घरात असतील तर त्यांना हा हिशेब लगेच पटतो.

बाकी इंग्रजीला घाबरू नका. प्रत्येक अनोळखी शब्दासाठी शब्दकोश उघडला तर धागा तुटतो. एखादा शब्द तिसऱ्यांदा आला की मगच बघा.

७. धागा कोणता, चकवा कोणता

रात्री वावरातून येताना चकवा लागला, की माणूस पहाटेपर्यंत त्याच धुऱ्याभोवती फिरतो, असं आपल्याकडे सांगतात. या कथांतही लेखक आपल्याला असाच चकवा लावतो. पण त्याच्यावर बंधनही आहे. रोनाल्ड नॉक्स या लेखकानं, जो स्वतः धर्मगुरू होता, १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातलं मुख्य म्हणणं असं, की शोध घेणाऱ्याला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये अशा लेखकांची एक मंडळी उभी राहिली, ख्रिस्तीबाई तिच्यात होत्या. तेव्हा उत्तर पुस्तकात आपल्यासमोरच ठेवलेलं असतं, या भरवशावर वाचा.

आता त्या दोन पेन्सिली. जे शोध घेणाऱ्या बाईनं किंवा पोलिसानं स्वतः पाहिलं, ते निळ्यानं लिहा. जे कोणीतरी सांगितलं, ते लाल. 'साडेसहाला गोळीचा आवाज आला' हे कोणी सांगितलं? एकट्यानंच ऐकलं का? वही भरत जाते तसं लक्षात येतं, की आपण ज्याला पक्कं धरून बसलो होतो ते सगळं लालच आहे. माझी अर्धी उत्तरं या एका सवयीनं बरोबर यायला लागली.

वेळेचा रकाना वेगळा करा: कोण, कुठं, किती वाजता, कोणी पाहिलं.

बागेची, जेवणाची, कपड्यांची वर्णनं गाळू नका. मोठी गोष्ट तिथं हळूच ठेवलेली असते. मोलकरीण काय बोलली तेही लिहून काढा. घरातले तिचं ऐकत नाहीत, पोलीस ऐकत नाहीत, पण घरात नक्की काय घडलं ते बऱ्याचदा तिलाच ठाऊक असतं. ख्रिस्तीबाईंच्या जुन्या पुस्तकांत नोकरांविषयी, परदेशी लोकांविषयी तुच्छतेनं लिहिलेलंही सापडेल. ते मला खुपतं, आणि ते खुपणं घेऊनच मी वाचते.

सगळ्यांना एका खोलीत बोलावलं की पुस्तक मिटा. वहीत नाव आणि कारण लिहा. 'मला वाटतं' एवढं कारण चालणार नाही, निळ्या पेन्सिलीतला निदान एक मुद्दा हवा. मग पुढे वाचा.

८. गटात वाचायचं असेल तर

आमच्या बचत गटाची बैठक महिन्यातून दोनदा असते. हिशेब झाल्यावर अर्धा तास मी एक प्रकरण वाचते, इंग्रजी असेल तर वऱ्हाडीत सांगत जाते. अकरा जणींत चौघी अंगठा लावणाऱ्या. पात्रांची नावं पहिल्या दिवशी कोणाच्याच तोंडात बसेनात, म्हणून आम्ही प्रत्येक पात्राला ज्वारीचे दाणे, तुरीचे दाणे, सरकी, बटण असं काहीतरी दिलं आणि सुपात मांडून ठेवलं. कोण खोलीत होतं, कोण बाहेर गेलं, हे सुपातच हलवून दाखवायचं.

शेवटची तीन प्रकरणं राहिली की थांबायचं. ज्याला त्याला आपल्याला खुनी वाटतो त्याचं नाव चिठ्ठीत द्यायचं, लिहिता न येणाऱ्यांनी कानात सांगायचं. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, डबा अध्यक्षांच्या घरी. त्या दिवशी गटातल्या सगळ्यात वयस्कर काकू माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "ज्यानं सगयायले चाय देल्ला न, त्याच्यावर डोया ठेव वो बाई. मयतीच्या घरी एवढं नेमानं कोणाले सुचत नसते." पंधरा दिवसांनी डबा उघडला तेव्हा अकरा जणींत एकट्या त्यांचंच बरोबर निघालं. त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत.

दोन गोष्टींची मात्र फार काळजी घ्या.

पहिली विषाची. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषध विभागात काम केलं होतं, त्यामुळे त्यांच्या कथांत विष खूप येतं. आपल्या भागात विष हा पुस्तकातला शब्द राहिलेला नाही. फवारणीनं माणसं गेली आहेत, कर्जानं गेली आहेत. गटात कोणाच्या घरी असं झालं असेल तर तिच्यासमोर ती कथा मोठ्यानं वाचू नका. मी एकदा न विचारता वाचायला घेतली. एक वहिनी दुसऱ्याच पानाला उठून गेल्या आणि पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. आता पुस्तक निवडतानाच त्यात कोणत्या प्रकारचं मरण आहे हे मी आधी बघते आणि शंका आली की बोत्सवानाची कथा घेते. त्या वहिनी परत आल्या आहेत.

दुसरी गावातल्या खऱ्या माणसांची. दोन-तीन पुस्तकं झाली की डोळे तेज होतात आणि कोणाच्या घरी काय शिजतंय यावर चर्चा सुरू होते. आमच्याकडे एका सुनेविषयी अशी कुजबुज उठली आणि तिच्या सासरपर्यंत गेली. तिला त्याचा त्रास झाला. तेव्हापासून गटाचा नियम आहे: पुस्तकातल्या माणसाला गावातल्या माणसाचं नाव द्यायचं नाही, आणि जे पाहिलं नाही ते बोलायचं नाही. मार्पलबाईही पुरावा हाती येईपर्यंत नाव घेत नाहीत. गावात खरंच काही वावगं दिसलं तर पोलीस पाटलांना सांगा, नाहीतर ११२ लावा.

९. पुस्तक परत करताना

वहीतलं पात्रांचं पान आम्ही एका चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात उतरवतो. नाव, हाक मारायची नावं, आणि मराठीत नक्की नातं: नणंद, जाऊ, आतेभाऊ. शेवट फुटेल असं नातं असेल तर तिथं इंग्रजी शब्दच ठेवतो. त्याखाली फ्रेंच विंडो, व्हिकरेज असे त्या पुस्तकात आलेले चार-सहा शब्द. घरात कोण कुठं झोपतं याचा छोटा नकाशा. खुन्याविषयी एक अक्षर नाही, कोणत्याही नावाखाली रेघ नाही. ती चिठ्ठी मुखपृष्ठाच्या आत सुटी ठेवतो, चिकटवत नाही, म्हणजे ज्याला नको तो काढून टाकेल.

मागच्या दिवाळीनंतर तालुक्याच्या वाचनालयातून एक कादंबरी आणली. तिच्यात चिठ्ठी होती, अक्षर आमच्यातलं कोणाचंच नव्हतं. तिच्यावर तेरा नावं होती, आणि 'सिस्टर-इन-लॉ'पुढे कंसात लिहिलं होतं: जाऊ, थोरली.